बर्डीच्या अलीकडे, बर्डीच्या पलीकडे

भाऊबीजेचे ओवाळणे आटोपले, करंज्या-चिवड्याची ताटली रिकामी झाली, की आमचे पुण्याचे मेहुणे अडकित्ता हाती घेतात आणि दरवर्षीचा तोच प्रश्न अगदी नव्याने सुचल्यासारखा विचारतात : "भावोजी, तुमच्या नागपुरात पाहण्यासारखं आहे तरी काय?"

पहिली काही वर्षे मी या प्रश्नाला मनापासून उत्तर देत असे. अंबाझरीचा तलाव दाखवला, तेलंगखेडीची बाग दाखवली, महाराजबाग दाखवली. संत्र्यांच्या बाजारातही नेऊन आणले. मेहुण्यांनी सगळे सोशिकपणे पाहिले आणि परतताना म्हणाले, "छान आहे हो गाव, मोकळं आहे, पण इतिहास नाही. आता आमचा शनिवारवाडा घ्या..."

पाहुण्यांशी, त्यातून बायकोच्या सख्ख्या भावाशी, वाद घालू नये हा संसाराचा पहिला धडा मी केव्हाच गिरवलेला आहे. म्हणून शनिवारवाड्याच्या धन्यांची फौज नागपुरात एकदा कशासाठी आली होती, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही. पण दिवाळी अंकात लिहायला कोणाची भीती? ते यथाक्रम येईलच.

आधी आमच्या आजीविषयी सांगितले पाहिजे. आमचे जुने घर महालात. आजी त्या घरात लग्न होऊन आली आणि तिथूनच गेली. तिच्या लेखी 'शहर' म्हणजे महाल, बुधवारी, शुक्रवारी, इतवारी एवढाच मुलूख. तिथून जेमतेम अडीच-तीन किलोमीटरवर सीताबर्डी; पण तिकडे जायचे असले म्हणजे ती लुगडे बदली, देवाला नमस्कार करी आणि शेजारणीला सांगून निघे, "बर्डीवर जाऊन येतो बाई, उशीर झाला तर दिवा लावजो." परतल्यावर आधी पाय धुवायची. मी लहानपणी एकदा विचारले, "आजी, बर्डी आपल्याच गावात आहे ना?" ती म्हणाली, "आपल्या गावात कुठली रे? ते गाव आपल्या हातून गेलं. फितुरी झाली, म्हणून गेलं. नाही तर बर्डी पडती काहून?"

कोणी फितुरी केली, केव्हा केली, हे तिला विचारण्याची सोय नव्हती. घरातले एक पूर्वज भोसल्यांच्या फडात कारकून होते, एवढ्या भांडवलावर आमच्या घराने ते दुःख दीड शतक जपून ठेवले होते.

व्याकरणाच्या तासाला शब्दयोगी अव्यये शिकवताना मी नेहमी बर्डीचे उदाहरण घेतो. माणूस इतवारीत जातो, महालात जातो, धंतोलीत जातो. पण बर्डी'वर' जातो. आज बर्डीची बाजारपेठ चांगली सपाटीवर आहे, कोणाला चढ चढावा लागत नाही. तरीही ते 'वर' सुटलेले नाही. भाषेने टेकडी सोडलेली नाही. सीताबर्डी या नावाविषयी एक कथा सांगतात, की शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाचे दोन गवळी भाऊ इथे राज्य करीत, त्यांचे 'शितलाबद्री' आणि पुढे सीताबर्डी. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला ही व्युत्पत्ती थोडी ओढून आणलेली वाटते, पण लोकांना आवडते, आणि व्युत्पत्तीला तेवढे पुरते.

टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. एरवी आत जाता येत नाही. वर्षाकाठी मोजक्या राष्ट्रीय दिवशी दरवाजा लोकांसाठी उघडतो. मागे एका प्रजासत्ताक दिनाला एम.ए.च्या वर्गातली दहा-बारा मुले घेऊन मी वर गेलो. नागपुरात जन्म काढून मीही त्या दिवशी पहिल्यांदाच वर चढलो होतो, हे कबूल करतो. मुलांना मात्र तसे कळू दिले नाही.

वर गेले की पहिल्यांदा गाव कळते. पूर्वेला जुने शहर : दाटीवाटीची घरे, मधून मधून देवळांचे कळस. पायथ्याशी टेकडीच्या गणपतीचे देऊळ आणि रेल्वेचे स्टेशन. पश्चिमेला झाडीत बुडालेली सिव्हिल लाईन्स, रुंद रस्ते, मोठमोठी आवारे. आता त्यात मेट्रोचे उंच खांब उभे राहिले आहेत आणि बर्डीचे मेट्रो स्टेशन किल्ल्याच्या अगदी कुशीत येऊन बसले आहे. एका गावाचे असे दोन तुकडे कोणी पाडले, हे वरून पाहणाराला विचारावेच लागत नाही. ज्या टेकडीवर तो उभा असतो, तिनेच ते पाडलेले असतात.

तसे पाहिले तर हे गाव लढाईवाचून फार दिवस कधी राहिलेच नाही. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, गावाला कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. आपण त्याला गांधीसागर म्हणतो. चांद सुलतान वारला आणि गादीसाठी घरातच तंटा लागला. वली शाहाने गादी बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजी आले, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदला घेऊन परत गेले. पुढे त्या दोघा भावांत बिनसले, तेव्हा १७४३ मध्ये रघूजी पुन्हा आले. या वेळी ते परत गेले नाहीत. गोंड राजाला मानमरातब आणि नेमणूक देऊन त्याच्याच गावात ठेवले, आणि राज्य आपण घेतले. भांडण मिटवायला बोलावलेला माणूस घरातच राहून जातो, हा अनुभव काही फक्त राजघराण्यांना येत नाही.

रघूजींचे कर्तृत्व मात्र दांडगे. १७४१ मध्ये त्यांनी थेट दक्षिणेत त्रिचनापल्लीपर्यंत धडक मारली आणि चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला आणले. मग त्यांच्या फौजा बंगाल्यात वर्षानुवर्षे जात राहिल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बंगाली आया मुलांना निजवताना 'बर्गी' येतील अशी भीती घालीत. ते बर्गी आमच्याच नागपूरचे. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने ओरिसा आणि सालिना बारा लाख रुपये चौथाई देऊन आपली सुटका करून घेतली. महालातल्या जुन्या वाड्यांच्या नक्षीदार खांबांना हात लावताना हे बारा लाख मला आठवतात. ते कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या जाळलेल्या घरांतून आलेले होते.

आणि मग आमचेही घर जळले. रघूजींचे चिरंजीव जानोजी पेशव्यांविरुद्ध निजामाशी आणि निजामाविरुद्ध पेशव्यांशी संधान बांधण्यात पटाईत. शेवटी दोघेही कंटाळले आणि १७६५ मध्ये एकत्र चालून आले. पेशवे आणि निजाम यांनी मिळून नागपूर लुटले आणि जाळले. मेहुणे, तुमच्या शनिवारवाड्याशी आमचा पहिला संबंध हा असा!

त्याला दहा वर्षे होतात न होतात तोच घरातले घरात रण माजले. जानोजींच्या मागे मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ नागपूरच्या दक्षिणेला पाचगावच्या मैदानावर २६ जानेवारी १७७५ रोजी समोरासमोर आले. साबाजी पडले, मुधोजी वाचले आणि राज्य वाचलेल्याकडे गेले.

दुसऱ्या रघूजींच्या वेळी इंग्रज आले. १८०३ च्या पावसाळ्याअखेर असईची लढाई, २९ नोव्हेंबरला अडगावची, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि लगोलग १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला. राज्याचा मोठा तुकडा गेला, पण दरबाराचा खर्च कमी होईना. तेव्हा राजाने करांवर कर बसवले आणि धान्याचा व्यापारसुद्धा स्वतः सुरू केला. लोकांनी त्याचे नाव 'बडा बनिया' ठेवले. नागपूरकरांची ही जीभ जुनी आहे. १८११ मध्ये पेंढारी गावाच्या वेशीपर्यंत आले आणि त्यांनी बाहेरचे पुरे जाळले, तेही या बडा बनियाच्याच कारकिर्दीत.

हे सगळे मी त्या दिवशी किल्ल्यावर मुलांना सांगत होतो. मुले ऐकत होती असे म्हणण्यापेक्षा फोटो काढत होती असे म्हणणे खरे होईल. एकच मुलगी तटाशी उभी राहून नीट ऐकत होती. ती कामठीची. रोज बसने ये-जा करणारी, वर्गातली सर्वांत चांगली मराठी लिहिणारी. तिच्या घरी तमिळ बोलतात. तिच्या पणजोबांच्याही आधीचे कोणी पूर्वज मद्रासी पलटणीत हवालदार होते, पलटणीबरोबर इकडे आले आणि कामठीलाच राहिले, एवढे तिला माहीत होते. इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांची थडगी आहेत तिथे आम्ही थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, लढाई सांगा ना. नीट सांगा."

मग मी ती नीट सांगितली.

टेकड्या दोन. मोठी दक्षिणेला, धाकटी उत्तरेला, मध्ये थोडी सखल जागा. पश्चिमेच्या पायथ्याला इंग्रजांची रेसिडेन्सी. तिथे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स. पूर्वेच्या अंगाला सीताबर्डी गावच्या झोपड्या, आणि त्यापलीकडे शहर. १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. मुलगा परसोजी अधू आणि दुबळा. त्याचा कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांनी हाती घेतला आणि इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मेलेले सापडले. खून झाला हे पुढे उघड झाले. अप्पासाहेब राजे झाले. ज्या इंग्रजांच्या आधाराने ते झाले, त्यांचाच आधार त्यांना लवकरच काचू लागला. तिकडे ५ नोव्हेंबरला खडकीला बाजीरावाने इंग्रजांवर तलवार उपसली. इकडे २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे जाहीर दरबारात स्वीकारली. खडकीची लढाई पेशवे हरले होते, पुणेही पडले होते. बुडत्या जहाजावर चढण्याचा हा मुहूर्त कोणी काढला, देव जाणे.

लक्ष्मीपूजन होऊन अडीच आठवडे झाले होते. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी एकीकडे बोलणी चालू असतानाच आरबांच्या बंदुका सुटल्या. राजाकडे अठरा हजारांवर फौज, तीत तीन-चार हजार आरब, आणि ३६ तोफा. टेकडीवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली चौदाशेच्या आतबाहेर माणसे, चार लहान तोफा. रात्री दोन वाजेपर्यंत गोळीबार चालला. सर्वांत जास्त मार धाकट्या टेकडीला बसला, कारण झोपड्यांच्या आडून आरबांना ती नेमकी टिपता येत होती. सकाळी नऊच्या सुमाराला आरबांनी ती टेकडी सर केली आणि तिच्यावरची तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. आता सर्व संपले असे वाटायची ती वेळ. त्याच वेळी बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्यांचा कॅप्टन फिट्झजेराल्ड पुन्हा पुन्हा हल्ल्याची परवानगी मागत होता. वरिष्ठांनी अखेर त्याच्याच जबाबदारीवर ती दिली. त्याने भोसल्यांच्या घोडदळात मुसंडी मारली आणि दोन तोफा घेतल्या. ते पाहून टेकडीवरच्या शिपायांना धीर आला. आणि तेवढ्यात धाकट्या टेकडीवर आरबांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. धुराने सगळे गोंधळले, त्या गोंधळात मोठ्या टेकडीवरून संगिनी रोखून शिपाई उतरले आणि धाकटी टेकडी परत गेली. दुपारी बारापर्यंत लढाई संपली. सगळी मिळून अठरा तास. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर; म्हणजे चारांतला एक.

म्हणजे फितुरी नव्हती. दारूगोळा पेटला आणि एक उतावळा कॅप्टन थांबायला तयार नव्हता, एवढेच. आजीला हे सांगायला आता उशीर झाला आहे. पण सांगितले असते तरी तिने मानले नसते. नुसत्या पराभवाबरोबर माणसाला इतकी वर्षे राहता येत नाही, त्याला फितुरीची सोबत लागते.

"सर," ती मुलगी म्हणाली, "वर कोण होते म्हणालात?"

"मद्रासी पलटणी. विसावी आणि चोविसावी."

"गोरे किती?"

"अधिकारी तेवढे. बाकी सगळे शिपाई मद्रासकडचे. तमिळ, तेलुगू."

ती थोडा वेळ शहराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी असते तर इथं वर असते."

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी खाली. बहुतेक दप्तर बगलेत मारून महालाकडे पळत."

मुले हसली, तीही हसली. पण तिचे हसू लगेच थांबले. "म्हणजे आमच्या लोकांनी तुमचं राज्य घालवलं," ती म्हणाली.

वर्गात वीस वर्षे बोलून काढली आहेत, पण त्या वेळी मला लगेच काही सुचले नाही. कारण आमच्या घरात दीडशे वर्षे ज्या फितुराला शिव्या मिळत आल्या, त्याला कोणी तोंडच नव्हते. आणि आज माझ्यासमोर माझीच विद्यार्थिनी तोंड पुढे करून उभी होती.

मग मी तिला चोविसाव्या पलटणीची गोष्ट सांगितली. ही पलटण मुळात चोविसावी नव्हेच. ती मद्रासच्या फौजेतली पहिली. १८०६ मध्ये वेल्लोरला साहेबांनी शिपायांच्या दाढीवर, कपाळाच्या गंधावर आणि डोक्याच्या पागोट्यावर हुकूम काढले. टिपूची मुले त्याच किल्ल्यात नजरकैदेत होती. १० जुलैच्या पहाटे शिपायांनी बंड करून किल्ला घेतला. अर्काटहून गोरे स्वार आले आणि त्यांनी त्याच दिवशी शेकडो शिपाई कापून काढले. बंडात सामील झालेल्या दोन पलटणींची नावे फौजेच्या यादीतून खोडली, पहिली त्यांतलीच. जे उरले ते चोविसाव्या आकड्याखाली उभे राहिले. अकरा वर्षांनी ते या टेकडीवर लढले, आणि त्याचे बक्षीस म्हणून त्यांना काय मिळाले? आपला जुना, पहिला आकडा परत मिळाला. निशाणावर सीताबर्डीचे नाव कोरून मिळाले. लढाईच्या अहवालात साहेबांची नावे एकेक येतात. शिपायांचा मात्र आकडाच येतो. त्या आकड्यासाठीच ते लढले असतील, तर त्यांना दोष कोणी द्यावा? मी तरी देऊ शकलो नाही.

"आणि त्याच्याही आधी," मी म्हणालो, "आमच्या रघूजींनी १७४१ मध्ये तुमच्या त्रिचनापल्लीला वेढा घातला होता, तेव्हा तुमच्या लोकांनी काय भोगलं असेल, ते आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही."

तिने क्षणभर हिशेब केला. "म्हणजे फिट्टंफाट, सर," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, थड्ग्यांकडे पाहत, "पण मला तमिळ लिहिता येत नाही. आजीची पत्रं वाचून घ्यायला मामाकडे जावं लागतं."

लढाई तिथे संपली नव्हती. डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ तारखेला अप्पासाहेब रेसिडेन्सीत जाऊन हजर झाले. पण तोफा ताब्यात देताना सक्करदऱ्याच्या बाजूला पुन्हा लढाई झाली, आणि भोसल्यांची फौज मोडली. मोडले नाहीत ते आरब. ते आणि हिंदुस्थानी शिपाई मिळून पाचएक हजार लोक शहरात आणि राजवाड्यात शिरून बसले. राजा शरण गेला होता, सरदार पांगले होते, पगार कोण देणार हे माहीत नव्हते, तरी ते हटेनात. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला आणि तो आरबांनी परतवला. नागपूर शहरात इंग्रजांनी खाल्लेला हा मार आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठे नाही. शेवटी अटी ठरल्या : आपली बायकामुले, चीजवस्तू आणि वर रोख रक्कम घेऊन ते ३० डिसेंबरला बाहेर पडले. हजारो कोसांवरून आलेल्या त्या माणसांनी हे शहर आमच्यापेक्षा दोन आठवडे अधिक लढवले, असे म्हटले तर महालातल्या माझ्या भाऊबंदांनी रागावू नये.

अप्पासाहेबांना जानेवारी १८१८ मध्ये गादी परत मिळाली, मार्चमध्ये ते कैद झाले, मेमध्ये प्रयागच्या वाटेवरून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. ज्यांचे राज्य त्यांच्या पणजोबांनी घेतले होते, त्याच गोंडांनी! पुढे पंजाब, मग जोधपूर. तिथेच १८४० मध्ये ते वारले.

बर्डीवर किल्ला बांधला गेला तो यानंतर. त्याच्या तोफांची तोंडे कुठे वळवायची हे सांगावे लागले नाही. पूर्वेला शहर होते. १८२१ मध्ये ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठीची छावणी वसली आणि मद्रासी पलटणी तिथे गेल्या. साहेबांची वस्ती टेकडीच्या पश्चिमेला वाढली. मधोमध टेकडी आणि तिच्यावर पहारा, अशी गावाची वाटणी झाली ती झालीच. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा भोसल्यांच्या तबेल्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावासाठी आणले ते बर्डीवरच. जडजवाहीर कलकत्त्याला गेले. महालातला काळ्या दगडाचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला. ती आग मात्र कोणा शत्रूची नव्हती. आपली आपणच लागली. त्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला.

१८५७ ची गोष्ट दिवाळीच्या दिवसांत सांगण्यासारखी आहे. टाकळीला असलेल्या रिसाल्याने कट केला. १३ जूनच्या मध्यरात्री शहरातून आकाशात आगीचे फुगे सोडायचे, म्हणजे आपले आकाशदिवेच म्हणा, आणि त्या खुणेसरशी उठायचे. पण पायदळाला उठवायला गेलेला दफेदार पकडला गेला आणि बेत फसला. म्हाताऱ्या बाकाबाईंनी सरदारांना घरी बसवले. कामठीचे मद्रासी शिपाई जागचे हलले नाहीत. पुढाऱ्यांना फाशी झाली. किल्ल्यात एक दर्गा आहे. फासावर गेलेले नऊजण तिथे पुरलेले आहेत आणि त्यांतला नवाब कादर अली हा टिपूचा नातू, असे लोक सांगतात. ते खरे असेल तर वेल्लोरचे दोन्ही पक्ष या एकाच टेकडीवर येऊन निजले आहेत.

१८६७ मध्ये आगगाडी आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तरी ती रेघ पुसली नाही. १९२३ मध्ये ती पुन्हा ठळक झाली. चरख्याच्या झेंड्याची मिरवणूक शहरात हवी तेवढी काढा, सिव्हिल लाईन्समध्ये शिरायचे नाही, असा हुकूम निघाला. मग शहरातून रोज स्वयंसेवक झेंडा घेऊन निघत, ठरल्या जागी अडवले जात आणि तुरुंगात जात. १ मेपासून जमनालाल बजाजांनी हा सत्याग्रह उभा केला; ते पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेल आले; देशभरातून लोक आले, हजारावर माणसे आत गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक अखेर पलीकडे गेली. आजी त्या वेळी नवी नवरी होती. सासरे झेंडा पाहायला गेले म्हणून घरात आठ दिवस बोलणे बंद होते, एवढेच तिला आठवे. पण बर्डीवरून आल्यावर पाय धुणे तिने त्यानंतरही सोडले नाही.

या वर्षी भाऊबीजेला मेहुण्यांचा प्रश्न येण्याआधीच मी त्यांना उठवले. कामठीची ती मुलगी आता तिथल्याच शाळेत मराठी शिकवते. तीही फराळाचा डबा घेऊन आली होती. डब्यात मुरुक्कू होते. मेहुण्यांनी चकली म्हणून दोन खाल्ले आणि पुण्याच्या चकलीहून खुसखुशीत असल्याचे कबूल केले. मग आम्ही तिघे पायीपायी महालातून गांधी गेटपाशी आलो. हाच तो जुना जुम्मा दरवाजा. कमानीखालून रिक्षा, हातगाड्या, स्कूटर, फटाक्यांची खोकी घेतलेली पोरे, सगळे एकदम आत आणि एकदम बाहेर जात होते. मी बरोब्बर मधे थांबलो. मेहुण्यांना म्हणालो, "इथं. २४ डिसेंबर १८१७. इथं आरबांनी इंग्रजांची फौज अडवली."

मेहुणे चष्मा सावरून वर पाहू लागले. मागे एका ऑटोवाल्याने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि शेवटी मान बाहेर काढून म्हणाला, "काका, आरबाचं राहू द्या. आता तर तुम्हीच अडवून राहिले ना! व्हा बाजूला."